मांजर, कोठार आणि तिन्हीसांज

मांजराला दावें मानवत नाहीं. त्याची आणि माणसाची सोयरीक धान्याच्या कणगीपाशीं जुळली. उंदीर मारावयाचे तर त्याला मोकळें फिरूं देणें भागच होतें. सायप्रस बेटावर माणसाशेजारीं पुरलेलें सुमारें ९५०० वर्षांपूर्वींचें मांजर सांपडलें आहे. इतकी ही ओळख जुनी.

शिरूर तालुक्यांत घोडनदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. तेथें ताम्रपाषाणयुगांतील घरें, धान्याचें कोठार आणि पाण्याचा पाटही उजेडांत आला. म्हणजे पाणी वळवून शेतांत आणण्याची येथील धडपड तीन हजार वर्षांची. ती आमच्या काळीं फळास आली. चासकमानच्या कालव्यानें शिरूर आणि खडकवासल्याच्या कालव्यानें दौंड भिजूं लागलें. बाजरीच्या जागीं ऊंस आला आणि उंसाच्या आडोशाला बिबट्या. कुत्रें, शेळी, मांजर त्याला सारखींच. माणसांचेही बळी गेले आहेत.

मग तो जुना करार मोडावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दिवस मांजराचा असावा, रात्र घराची. खाणें दिवेलागणीपूर्वीं, रोज ठराविक वेळीं, घरांतच द्यावें. म्हणजे तें आपण होऊन येतें. मग दार लावावें. खिडकीला जाळी असावी. रेबीजची लस टोंचवावी. रात्रीं तें दाराशीं ओरडेल, तेव्हां मन घट्ट करावें. आणि एखादे दिवशीं तें परतलें नाहीं, तर त्याच्या शोधार्थ अंधारांत उंसाकडे कोणीही, विशेषतः मुलांनीं, जाऊं नये. घरांत राहिलेल्या मांजराच्या रात्रपाळीस उंदीर पुष्कळ आहेत.