गुलशब्बू, निशिगंध आणि पुण्याची थंडी

पुण्याच्या बागांना खरा रंग चढतो तो दिवाळीनंतर. पाऊस संपलेला असतो, दिवसा स्वच्छ ऊन असते आणि रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. युरोपात जी फुले उन्हाळ्यात फुलतात, त्यांना आपला हिवाळाच मानवतो. म्हणून माळी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यावर बी टाकतो, महिनाभराने रोपे कुंडीत किंवा वाफ्यात हलवतो, झाड पसरावे म्हणून शेंडा खुडतो. डिसेंबरपासून पिटुनिया, फ्लॉक्स, डेलिया, पॅन्सी यांचा बहर सुरू होतो. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते आणि शहर ते पाहायला लोटते.

या रंगांपैकी मूळचे इथले किती? जवळजवळ एकही नाही. डेलिया, झिनिया, कॉसमॉस मेक्सिकोचे. पिटुनिया दक्षिण अमेरिकेचा, फ्लॉक्स टेक्सासचा. अ‍ॅस्टर आणि शेवंती चीनकडच्या. आणि ज्याच्या तोरणाशिवाय दसरा होत नाही, तो झेंडूही मेक्सिकोचाच. कोलंबस १४९२ साली अमेरिकेला पोहोचला, त्यानंतर युरोपीय जहाजांतून तो इकडे आला. म्हणजे दसरा जुना, झेंडू नवा. तरी दाराला झेंडू बांधताना कुणाला परकेपणा वाटत नाही आणि वाटायचे कारणही नाही.

फुले आली तशी त्यांना नावे मिळाली, आणि नावांचा इतिहास फुलांहून गमतीचा आहे. निशिगंध घ्या. हेही झाड मेक्सिकोचे. त्याचा वास रात्री दरवळतो म्हणून फारसी जाणणाऱ्यांनी त्याला गुल-ए-शब्बू म्हटले. शब म्हणजे रात्र, बू म्हणजे गंध. संस्कृत वळणाच्या निशिगंध या नावाचा अर्थ अगदी तोच. मराठीच्या तोंडी गुलशब्बूचे गुलछबू झाले, आणि बाजारात आज गुलछडी चालते. अमेरिकेतल्या कंदाला एका भाषेने एक नाव दिले, दुसरीने दुसरे. दोघींनी टिपले ते मात्र एकच. गुलबास तसाच. झाड अमेरिका खंडातले, नाव उर्दूतल्या गुल-ए-अब्बासवरून आलेले. शेवंतीला उर्दूत गुलदाऊदी म्हणतात, म्हणजे दाऊदचे फूल. आणि गुलाब हा शब्द तर मुळात फुलाचा नव्हेच. गुल-आब म्हणजे गुलाबपाणी. पाण्याचे नाव आपण फुलाला देऊन टाकले.

हे शब्द पुण्यात आकाशातून पडले नाहीत. पुणे-सुपे परगणा भोसल्यांच्या जहागिरीत आला तेव्हा त्यावर अहमदनगरच्या निजामशाहीची सत्ता होती. त्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, १५८३ साली फराहबाग पुरा झाला. तलावाच्या मधोमध महाल, भोवती बाग, आणि बाहेरून खेळवत आणलेले पाणी. दख्खनच्या कोरड्या मुलखात बाग करायची तर आधी पाणी आणावे लागते, ही विद्या इथल्या राजवटींनी एकमेकींकडून घेतली. पुढे नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आणले, ठिकठिकाणी हौद बांधले. हौद शब्द अरबी. हिराबाग आणि सारसबाग या नावांतला बाग फारसी. शनिवारवाड्यातल्या हजारी कारंज्यातला हजारही फारसी. पेशव्यांच्या पुण्यात या शब्दांना कुणी हटकले नाही.

शेतकऱ्याने तर यापुढची मजल मारली. फळबागेत तो हस्त बहार धरतो, मृग बहार धरतो. हस्त आणि मृग ही नक्षत्रे, बहार हा फारसी वसंत. पंचांग आणि फारसी एकाच शब्दात नांदतात, आणि डाळिंब लगडायचे तसे लगडते.

इंग्रजांच्या काळात फुलांची मोठी आवक झाली. १८७३ साली गणेशखिंडीत वनस्पती उद्यान सुरू झाले. तिथले अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. एम्प्रेस गार्डनचे नाव राणी व्हिक्टोरियाच्या सम्राज्ञीपदावरून पडले. बागेचा कारभार १८३० साली स्थापन झालेल्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाकडे आहे. ही बाग साम्राज्याच्या दिमाखाची होती, हे लपवायचे कारण नाही. सम्राज्ञी गेली, साम्राज्य गेले. पिटुनिया मात्र राहिला, कारण त्याला पाणी घालणारे हात इथले होते.

महाराष्ट्रातल्या मंडयांत बागवान समाजाचे मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या फळे-भाजी विकत आले आहेत. बागवान म्हणजे बाग राखणारा. त्यांची मुलेही 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न ऐकतात. विचारणाऱ्याच्या दारावर त्या वेळी मेक्सिकोचा झेंडू असतो, हातात गुलाब असतो आणि तोंडी बाग, बहार, हौद असतात. प्रश्नात नेहमीच द्वेष असतो असे नाही. पण आपल्या अंगणातच त्याचे उत्तर उभे आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. पहाटे बाजारात उतरलेल्या एकाच ढिगातली फुले देवळात जातात आणि दर्ग्याच्या चादरीतही गुंफली जातात. ढीग करताना कुणी त्यांची वंशावळ मांडत नाही.

शेवंतीचे एक वैशिष्ट्य आहे. रात्र लांबली की ती कळी धरते. तिची कुंडी रस्त्यावरच्या दिव्याखाली ठेवली तर रात्र संपल्याचा भास होऊन ती उशिरा फुलते. कोणत्या देशात आहोत याच्याशी तिला कर्तव्य नाही. इथली रात्र किती लांब आहे, एवढेच ती मोजते. माणसाचे मूळ मोजायचे असेल तर तेही असेच मोजावे: इथल्या किती रात्री, किती उन्हाळे, किती दुष्काळ त्याने इथेच काढले.