ताकदीची बाटली

आमच्या परभणीकडे अशक्तपणावर ठरलेला उपाय म्हणजे, "डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावून द्या." त्यात मल्टीव्हिटॅमिन टाकलं की रायबोफ्लेविनमुळे बाटली पिवळी होते, पेशंट खूष! शहरात हेच 'आयव्ही ड्रिप' म्हणून विकतात.

मी आपला हिशेब मांडला. अर्धा लिटर नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. ५ टक्के डेक्स्ट्रोज असेल तर २५ ग्रॅम साखर. बस्स.

ही बाटली मुळात कॉलऱ्याची. १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस लाटाने मरणाच्या दारातल्या रुग्णांच्या शिरेत मीठपाणी सोडलं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांसाठी सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. म्हणजे पिता येत असेल तर बहुतेकदा सुई लागतच नाही.

आणि कायदा? बाटलीला १९४० चा औषध कायदा, लावणाऱ्याला १९६१ चा वैद्यक व्यवसायी अधिनियम, खाटेला १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. तीन कुलपं! पण १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ जण गेले, तेव्हाही औषध कायदा होताच. लेंटिन आयोगाने बोट ठेवलं ते राबवणाऱ्यांवर.

तेव्हा मंडळी, सुई टोचण्याआधी लेबल आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचाराच. त्यात लाज कसली?