काळ्या जमिनीतील डी. डी. टी.

राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला, तेव्हा आजचा हिंगोली जिल्हा हैदराबाद राज्यातील परभणी जिल्ह्याचा भाग होता; तो १ मे १९९९ रोजी स्वतंत्र झाला. घराच्या भिंतींवर फवारलेले डी. डी. टी. देशात पुढे शेतीतही आले, व शेतीतील त्याच्या वापरावर १९८९ साली बंदी आली. परंतु बंदीने मातीतील द्रव्य नाहीसे होत नाही.

येथे ‘विघटन’ हा शब्दच फसवा ठरतो. विघटन म्हणजे नाश, अशी समजूत सहज होते. वस्तुतः रेणूतून हायड्रोजन व क्लोरीन यांचा एकेक अणू सुटला की डी. डी. ई. उरते, आणि ते मूळ द्रव्याहूनही चिवट असते. प्रयोगशाळेत अल्कलीच्या द्रावणात ही क्रिया लवकर घडते. जमिनीत तिला वर्षानुवर्षे लागतात. कयाधूच्या खोऱ्यातील काळी जमीन प्रायः अल्कधर्मीच. मात्र पावसाळ्यात पाणी साचून मातीत प्राणवायू उरला नाही, की सूक्ष्मजंतू क्लोरीनच्या एका अणूच्या जागी हायड्रोजन आणतात व डी. डी. डी. तयार होते. उन्हाने काही अंश वाफ होऊन उडतो. ते तर निव्वळ स्थलांतर होय.

म्हणून मातीच्या पृथक्करणात तिन्ही द्रव्ये मोजावी लागतात. डी. डी. ई. अधिक आढळल्यास फवारणी जुनी, मूळ द्रव्य अधिक आढळल्यास ती अलीकडची, असे सामान्यतः अनुमान करतात.