पेटीपासून विजेच्या तंबोऱ्यापर्यंत

मराठी माणूस पोटापाण्यासाठी जेथे जातो, तेथे गणपती, नाटक आणि पेटी ही त्रयी बरोबर नेतो, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या माणसांत आपली माणसेही येथे स्थिरावली. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात नाटकांविषयी व उत्सवांविषयी पुष्कळ लिहिले जाईल. आम्ही येथे वाद्यांच्या कपाटाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्या कपाटात आज तंबोऱ्याशेजारी विजेवर चालणाऱ्या पेट्या येऊन बसल्या आहेत. नव्या वाद्याबरोबर त्याच्या लहानसहान उणिवाही घरात येतात. त्यांचे काय करावे, या प्रश्नाला आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे.

प्रथम पेटीचेच पाहू. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी, जमिनीवर बसून एका हाताने भाता हलवावा व दुसऱ्याने वाजवावे, असे तिला रूप दिले. महाराष्ट्रात संगीत नाटकाने तिला आपलेसे केले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने तिला प्रतिष्ठा दिली. परंतु एक खोट तिच्या घडणीतच होती. सप्तकाचे बारा समान भाग पाडल्यामुळे तिचा गांधार तंबोऱ्यातील स्वयंभू गांधाराहून सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका, चढा लागतो. अंतर अल्प खरे. पण तयार कानाला ते बोचते.

या दोषाशी पहिली पद्धतशीर झुंज घेतली ती एका मराठी गृहस्थाने. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे पेशाने डेप्युटी कलेक्टर. त्यांनी श्रुतींचे गणित मांडून १९१० साली इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची पेटी तयार करविली. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत श्रुतींचा वाद रंगला. देवलांच्या मताला सर्वमान्यता लाभली नाही. तरीही ‘पेटी बेसूर आहे’ एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. ती किती बेसूर आहे हे त्यांनी मोजले. तक्रार आणि परीक्षण यांतील भेद तो हाच.

याच्या उलट वाट आकाशवाणीने धरली. १९४० साली तिने हार्मोनियमला दार बंद केले आणि ते तीन दशके बंदच राहिले. १९७१ च्या सुमारास बंधने सैल झाली. एवढ्या काळात पेटी सुधारली नाही आणि घराघरांतून गेलीही नाही. बहिष्काराने दोष दूर होत नसतो, हे त्यावरून दिसते.

यानंतर वीज आली. बेंगळूरचे अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ साली विजेवर चालणारा तंबोरा सिद्ध केला. मिरजेच्या कारागिरांपासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे मोल विशेष. भोपळा फुटण्याची भीती नाही आणि जवारी काढण्यासाठी वाद्य मिरजेला धाडणे नाही. मात्र अशा वाद्यांच्या उणिवा निराळ्या. जुन्या धाटणीच्या मंडलांत घटक तापले की स्वर सरकतो. आणि भिलाईच्या उन्हाळ्यात तर पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अ‍ॅडॉप्टर सदोष असेल तर १०० कंपनांचा गुणगुणाट षड्जाच्या मागे लागतो. बटण सैल असते, प्रवासात एखादा सांधा निखळतो. दोष क्षुल्लक म्हणून आपण गप्प बसतो, आणि शेजारी बसलेले मूल तोच सरकलेला षड्ज खरा मानून गळ्यात उतरवते. या विषयातील खरा धोका हा आहे. बटण पुन्हा बसविता येते. मुलाच्या कानात चुकीचा बसलेला षड्ज हलविणे कठीण.

मग प्रत्येक उणीव दोषच का? तसेही नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवितात, तेव्हा तार मोकळी न वाजता घोडीला घासत वाजते. परक्या कानाला ती खरखर वाटेल. आपल्याला ती जवारी. जपानच्या रोलंड कंपनीचे ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र १९८० ते १९८३ या काळात निघाले. त्यात इतरत्र नापास ठरलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम वापरले होते, कारण त्यांतून निघणारा चरचर नाद निर्मात्यांना हवा होता. पुढे ट्रान्झिस्टर निर्दोष होऊ लागले, तसे नापास माल मिळेनासा झाला आणि यंत्राचे उत्पादनच थांबले! याच यंत्राच्या साथीने मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. तेव्हा उणीव कोणती आणि गुण कोणता, हे ठरविणारा अखेरचा न्यायाधीश कानच.

भिलाईकरांना हे निराळे सांगावयास नको. येथे रूळ तयार झाल्यावर त्यातून श्राव्यातीत ध्वनी सोडून आतली भेग शोधतात. बाहेरच्या चकाकीवर कोणी विसंबत नाही. वाद्यालाही तोच न्याय लावावा. नवे वाद्य आले की पहिल्याच आठवड्यात ते अर्धा तास चालू ठेवून नादकाट्याशी अथवा मिळविलेल्या तंबोऱ्याशी ताडून पाहावे. दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून पाहावा, म्हणजे दोष वाद्यात आहे की विजेत, ते कळते. आढळले ते तारखेसह लिहून हमीच्या मुदतीत निर्मात्याला कळवावे. स्वतः स्क्रू उघडू नयेत. तसे केल्यास हमीवर पाणी सोडावे लागण्याचा संभव. बटण सैल असूनही स्वर स्थिर असेल, तर खुशाल वापरावे. स्वर मात्र सरकत असेल, तर सोय कितीही असो, ते वाद्य मुलांच्या वर्गात ठेवू नये.

मिरजेच्या सतार व तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. एखादा मिळविलेला तंबोरा मंडळात असलाच पाहिजे. विजेचा तंबोरा त्याच्याशी ताडून पाहता येईल आणि मुलांना खरा षड्ज ऐकता येईल. देवलांनी हाती मोजपट्टी घेतली, ती कानाच्या विश्वासावर. पुढील पिढीच्या हाती कोणती वाद्ये येतील, हे आज सांगता येणार नाही. पण त्यांची पारख करणारा कान तिला देणे आपल्या हाती आहे, आणि तेवढे आपण करावे, ही आमची विनंती.