टॅमॉक्सिफेन आणि चिंताविकारावरील औषध : एका आंतरक्रियेचा इतिहास

प्रस्तावना

कर्करोगाच्या निदानाबरोबर भीती, चिंता व निद्रानाश येतात. त्यामुळे कर्करोगावरील दीर्घकालीन औषधाच्या जोडीने चिंताविकारावरील औषधही अनेकदा वर्षानुवर्षे घेतले जाते. या दोहोंचा शरीरात परस्परांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न मात्र उशिरा विचारला गेला. टॅमॉक्सिफेन व पॅरोक्सेटिन यांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

दोन स्वतंत्र वाटा

इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन यांनी १९६२ मध्ये टॅमॉक्सिफेन तयार केले. गर्भनिरोधक म्हणून ते अयशस्वी ठरले; तथापि १९७१ मध्ये मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयातील मेरी कोल व सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगावरील त्याची उपयुक्तता प्रसिद्ध केली. पुढे ते पाच, तर काही रुग्णांना दहा वर्षे देण्याची पद्धत रूढ झाली.

पॅरोक्सेटिनला अमेरिकेत १९९२ मध्ये नैराश्यासाठी आणि २००१ मध्ये सर्वसाधारण चिंताविकारासाठी मान्यता मिळाली. टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून उठणाऱ्या उष्ण झळा शमविण्यासाठीही त्याचा वापर होऊ लागला. अशा प्रकारे दोन्ही औषधे एकाच रुग्णाकडे आली.

आंतरक्रियेचा शोध

टॅमॉक्सिफेन मूळ रूपात फारसे प्रभावी नसते. यकृतातील सीवायपी२डी६ या विकराच्या साहाय्याने त्यापासून एन्डॉक्सिफेन हा प्रभावी घटक तयार होतो. पॅरोक्सेटिन नेमके याच विकराचे कार्य रोखते. २००३ मध्ये व्हेरेड स्टर्न्स व सहकाऱ्यांनी १२ स्त्रियांच्या अभ्यासात दाखविले की, पॅरोक्सेटिन सुरू केल्यानंतर रक्तातील एन्डॉक्सिफेनचे प्रमाण निम्म्याहून खाली येते.

मतभेद

रक्तातील घट म्हणजे रुग्णाची हानी, असे मात्र लगेच म्हणता येत नव्हते. २०१० मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील २,४३० स्त्रियांच्या नोंदींवरून असे आढळले की, ही औषधे जितका अधिक काळ एकत्र घेतली गेली, तितका स्तनाच्या कर्करोगाने मृत्यूचा धोका वाढला. उलट, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील १६,८८७ स्त्रियांच्या अभ्यासात कर्करोग पुन्हा उद्भवण्याच्या धोक्यात लक्षणीय वाढ दिसली नाही. विकराच्या जनुकीय भेदांवरील संशोधनाचे निष्कर्षही परस्परविरोधीच राहिले.

निष्कर्ष

वाद पूर्णतः मिटलेला नाही; तरीही टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या रुग्णांसाठी वेन्लाफॅक्सिनसारखा, या विकराला कमी बाधा आणणारा पर्याय निवडण्याची सावधगिरी रूढ झाली. या सावधगिरीचा अर्थ चिंतेवरील उपचार नाकारणे असा नव्हे. पॅरोक्सेटिन अचानक थांबविल्यासही त्रास होतो. म्हणून बदल वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावा लागतो. स्वतंत्रपणे पारखलेली दोन औषधे एकत्र घेतली जातात, तेव्हा त्यांची एकत्रित पारखही आवश्यक ठरते, हाच या इतिहासाचा बोध होय.