पार्ट टूचं बारसं

आज मंगळवार, १८ जून २००२. अमेरिकेत नव्या कॅसेट आणि डीव्हीडी मंगळवारीच बाजारात येतात, म्हणून ऑफिस सुटल्यावर तुम्ही घरी न जाता इकडे वळलात. न्यू जर्सीतल्या एका उपनगरातलं ब्लॉकबस्टर. निळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, आत डोळ्यांवर येणारा ट्यूबलाइटचा उजेड, काउंटरपाशी चॉकलेटं आणि मायक्रोवेव्हमध्ये फोडायच्या पॉपकॉर्नची पाकिटं. मधल्या रॅकवर जुने सिनेमे आहेत, पण तिकडे कुणी फिरकत नाही. नवा माल सगळा भिंतीला असतो आणि गिऱ्हाईकही भिंतीच्या कडेकडेनेच चालतं.

पहिला ‘हॅरी पॉटर’ येऊन तीन आठवडे झाले तरी त्याच्या खोक्यांची रांग हटलेली नाही. पुढे ‘ओशन्स इलेव्हन’, मग गेल्याच मंगळवारी आलेला ‘ब्लॅक हॉक डाउन’. हे सगळे तुमच्या ओळखीचे. थिएटरात पाहिले नसले तरी टीव्हीवरच्या जाहिरातींनी महिनोन् महिने कान किटवलेत. त्यांच्या शेजारी एक खोका असा, की नाव ओळखीचं, पण जाहिरात कुठे पाहिल्याचं आठवत नाही: ‘अमेरिकन सायको २’. हा कधी आला थिएटरात?

आलाच नाही. येणारही नाही. तो थेट या भिंतीसाठीच आहे.

हात मात्र त्याच्याकडे गेला, आणि धंद्याचं गणित एवढंच आहे. थिएटरात सिनेमा लावायचा तर शेकडो प्रिंटा काढा, टीव्हीवर जाहिरातींचा मारा करा. इथे भिंतीसमोर उभ्या माणसाचे चार सेकंद मिळाले तरी पुरतात, आणि त्या चार सेकंदांत ओळखीचं नाव जे करतं ते कुठलंही पोस्टर करू शकत नाही. डिस्नेनं १९९४ मध्ये ‘अलादीन’चा दुसरा भाग, ‘द रिटर्न ऑफ जाफर’, थिएटर टाळून थेट कॅसेटवर विकला आणि तुफान खपवला. तेव्हापासून सगळ्यांनाच ही वाट दिसली. (आपल्याकडे ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आणि तीन कॅसेट रात्रभरासाठी भाड्याने आणणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. नाव पाहूनच आणायचो की!)

खोका उलटा करून वाचा. मिला कुनिस, म्हणजे ‘दॅट सेव्हन्टीज शो’मधली पोरगी. विल्यम शॅटनर, ‘स्टार ट्रेक’चा कॅप्टन कर्क. दिग्दर्शक मॉर्गन जे. फ्रीमन. नाही, तो प्रसिद्ध नट नव्हे. मधला ‘जे’ नीट बघा. हा १९९७ मध्ये सनडान्स महोत्सवात ‘हरिकेन स्ट्रीट्स’साठी बक्षिसं घेऊन गेलेला तरुण दिग्दर्शक. पहिल्या भागातल्या क्रिश्चन बेलचं नाव शोधू नका, तो यात नाही.

डीव्हीडीच्या सगळ्या प्रती गेल्यात, म्हणून कॅसेटच घ्या. कार्ड दाखवा, तीन-चार डॉलर मोजा, घरी चला.

पहिल्या काही मिनिटांतच खटकतं. बेलनं साकारलेला बँकर पॅट्रिक बेटमन इथे दुसऱ्याच नटाच्या चेहऱ्यानं येतो, एका मुलीच्या बेबीसिटरला मारतो आणि त्या मुलीच्याच हातून मरतो. २००० सालच्या मेरी हॅरनच्या सिनेमानं ज्या प्रश्नावर आपल्याला सोडलं होतं, की यानं खरंच कुणाला मारलं की सगळं डोक्यातच घडलं, तो प्रश्न इथे सरळ झाडून टाकलाय. मग ती मुलगी मोठी होते, गुन्हेगारीशास्त्र शिकायला कॉलेजात येते आणि पूर्वी एफबीआयमध्ये असलेल्या प्राध्यापकाची सहायक होण्यासाठी वाटेत येणाऱ्यांचा एकेक करून काटा काढते. बेटमनशी तिचं नातं तेवढंच, सुरुवातीला चिकटवलेलं.

आणि ते खरोखरच चिकटवलेलं आहे. मूळ पटकथेचं नाव होतं ‘द गर्ल हू वुडन्ट डाय’. ‘अमेरिकन सायको’शी तिचा काडीचा संबंध नव्हता. काम सुरू झाल्यावर ती वळवून दुसरा भाग म्हणून बसवली. आपण ‘अमेरिकन सायको’चा दुसरा भाग करतोय हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं मिला कुनिस पुढे २००५ मध्ये सांगणार आहे, आणि तिसरा भाग कुणी काढत असेल तर त्याला थांबवा म्हणून हातही जोडणार आहे. मूळ कादंबरीकार ब्रेट ईस्टन एलिसनेही या सिनेमाचा निषेधच केला.

माझं मत विचाराल तर सिनेमा इतका टाकाऊ नाही. प्राध्यापकाच्या सहायकपदासाठी खून पाडणारी, तरीही स्वतःला अगदी समंजस समजणारी मुलगी, ही काळ्या विनोदाची चांगली कल्पना आहे, आणि मिला कुनिस ती मजेत खेळते. स्वतःच्या नावानं आला असता तर कदाचित काहींनी प्रेमानं आठवला असता. पण स्वतःच्या नावानं आला असता तर तुम्ही तो उचललाच नसता. पहिल्या सिनेमात बँकर मंडळी एकमेकांची व्हिजिटिंग कार्डं बघून घामाघूम होतात. कागद कुठला, अक्षर कुठलं, बाकी माणूस आत रिकामा. त्या टिंगलीचा दुसरा भाग निघावा आणि तो स्वतःच एक व्हिजिटिंग कार्ड असावा, याहून चोख टिंगल एलिसलाही सुचली नसती.

८८ मिनिटं संपली. रिवाइंड करा, नाहीतर दुकानदार कुरकुरतो. तुम्ही पुढच्या काळातून आलात म्हणून तुम्हाला एवढं माहीत आहे, की गेल्याच महिन्यात १५ डॉलरला एक या भावानं शेअर विकून बाजारात उतरलेली, टपालानं डीव्हीडी पाठवणारी नेटफ्लिक्स या भिंतीचं काय करणार आहे, आणि २०१० मध्ये ब्लॉकबस्टर दिवाळखोरीत जाणार आहे. काउंटरवरच्या पोराला सांगून उपयोग नाही, तो हसेल.

मुदत टळली तर मात्र दंड बसेल, तेव्हा निघा. बेटमनला कुठूनही काढता पाय घ्यायचा असला की तो एकच सबब सांगायचा, मला व्हिडिओ कॅसेट परत करायच्यात. घरच्यांनी विचारलं तर आज तुम्हीही तेच सांगा. तुमच्या बाबतीत ते खरं आहे.