ऑप्टिनाचे साधू आणि रशियन कादंबरीकार

कालुगा प्रांतातील कोझेल्स्क गावाजवळ झिझ्द्रा नदीकाठी ऑप्टिना पुस्तीन हा मठ आहे. १८२१ मध्ये त्यालगतच्या रानात एकांतवासी साधूंचा आश्रम उभा राहिला. आल्यागेल्याला मार्ग दाखवणाऱ्या वृद्ध साधूंची, म्हणजे ‘स्तारेत्सां’ची, परंपरा तिथे रुजली. त्यांतले लिओनिद, माकारी आणि आम्व्रोसी विशेष गाजले. माकारींनी तत्त्वचिंतक इव्हान किरेयेव्स्कीच्या साहाय्याने १८४७ पासून जुने साधनाग्रंथ छापून घेतले आणि शेतकऱ्यांबरोबर शिकलेली माणसेही मठाकडे वळली. १८५० मध्ये गोगोल आला. ‘मृत आत्मे’ या त्याच्या कादंबरीच्या दुसऱ्या भागात सन्मार्गाला लागलेली माणसे उभी करण्याची त्याची धडपड चालू होती. ती साधली नाही. १८५२ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, त्याने हस्तलिखित जाळले.

दोस्तोव्हस्कीला मात्र इथे काही गवसले. मे १८७८ मध्ये त्याचा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा अल्योशा अपस्माराने गेला. जूनमध्ये तरुण तत्त्वज्ञ व्लादिमीर सोलोव्योव्हसोबत तो ऑप्टिनाला जाऊन आम्व्रोसींना भेटला. ‘कारामाझोव्ह बंधू’मध्ये (१८७९–८०) साधू झोसिमा मूल गमावलेल्या एका खेडूत बाईचे सांत्वन करतो. ते शब्द बहुधा आम्व्रोसींचेच, असे दोस्तोव्हस्कीची पत्नी आन्ना हिने आठवणींत नोंदवले आहे. याच कादंबरीत इव्हान कारामाझोव्ह निष्पाप मुलांच्या यातनांवर बोट ठेवून देवाच्या सृष्टीलाच नकार देतो. तो युक्तिवाद लेखकाने जराही दुबळा केलेला नाही. त्याच्यासमोर त्याने प्रतितर्क न ठेवता दुसऱ्याचे दुःख ऐकून घेणारा माणूस ठेवला, आणि कादंबरीचे खरे मोठेपण इथेच आहे.

टॉलस्टॉयचे मठात समाधान झाले नाही, तरी त्याचे येणे सुटले नाही. १८८१ मध्ये तो शेतकऱ्याच्या वेशात, झाडाच्या सालीची पादत्राणे घालून, पायी आला. ‘फादर सेर्गी’ या त्याच्या दीर्घकथेतला ख्यातनाम साधू एकांतवास सोडून निघतो आणि त्याला ईश्वराची वाट उमगते ती नातवंडांसाठी शिकवण्या करून राबणाऱ्या पाशेन्काच्या घरी. १९०१ मध्ये चर्चने टॉलस्टॉयला बहिष्कृत केले. १९१० मध्ये घर सोडल्यावर तो ऑप्टिनालाच आला, आश्रमापर्यंत फिरून गेला, पण साधूंना न भेटता शामोर्दिनोच्या मठात राहणाऱ्या बहिणीकडे निघाला. पुढे आस्तापोव्हो स्थानकात तो आजारी पडला, तेव्हा ऑप्टिनाहून वार्सोनोफी हे साधू धावून गेले. त्यांना त्याच्यापर्यंत जाऊ दिले गेले नाही.

रशियन क्रांतीनंतर मठ बंद पडला. १९८७ मध्ये तो पुन्हा चर्चकडे आला.